कुणालाही न विचारता

१९८० साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात अपोलो कॉम्प्युटर ही कंपनी सुरू झाली. विल्यम पोडुस्का तिचे प्रमुख संस्थापक. प्राइम कॉम्प्युटर ही मिनीकॉम्प्युटरची कंपनी उभारण्यात त्यांचा आधीच वाटा होता. त्या काळी संगणक म्हणजे एका खोलीत बसवलेले मोठे यंत्र आणि त्याला जोडलेले कितीतरी पडदे, अशी रीत होती. सगळे जण त्या एकाच यंत्राचा वेळ वाटून घेत. अपोलोने हे चित्र पालटायचे ठरवले. प्रत्येक अभियंत्याच्या टेबलावर त्याचे स्वतःचे वर्कस्टेशन द्यायचे आणि ही सारी यंत्रे नेटवर्कने अशी बांधायची, की कुठलीही फाइल कुठल्याही यंत्रावर बसून उघडली तरी ती आपल्याच यंत्रात आहे असे वाटावे. चिपचे आराखडे काढण्याचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मेंटर ग्राफिक्सने आपला सारा डाव याच यंत्रांवर मांडला.

सोय मोठी होती, पण तिच्यामागून एक अवघड प्रश्न आला. यंत्र एकच असते तेव्हा नव्या फाइलला क्रमांक देण्यात काही विशेष नाही. मोजणी एकाने वाढवली की झाले. यंत्रे शंभर झाली की मात्र त्यांतली दोन यंत्रे एकाच वेळी नवी फाइल करतात आणि दोन्ही यंत्रे आपापल्या फाइलला पाच हजार एक हा क्रमांक देतात. पुढे एक फाइल दुसऱ्या यंत्रावर हलवली, की मूळची कोणती आणि पाहुणी कोणती हे सांगता येत नाही. सरळ उपाय म्हणजे क्रमांक वाटायला एक मुख्य यंत्र नेमायचे. पण ते बंद पडले किंवा मधली तार तुटली, तर साऱ्या कार्यालयात कुणालाच साधी नवी फाइलही करता येणार नाही. अपोलोच्या अभियंत्यांना हे मान्य नव्हते. यंत्र एकटे पडले तरी त्याला नवी वस्तू निर्माण करता आली पाहिजे, आणि ते पुन्हा नेटवर्कला जोडल्यावर त्या वस्तूचा क्रमांक दुसऱ्या कशाशी भिडता कामा नये, अशी त्यांची अट होती.

त्यांनी काढलेला मार्ग ६४ बिटांत मावला. त्यात दोन मुख्य गोष्टी होत्या: कारखान्यातच यंत्राला दिलेला त्याचा क्रमांक आणि वस्तू तयार झाली ती वेळ. दोन यंत्रांचे क्रमांक सारखे नसतात आणि एक यंत्र एकच वेळ दोन वस्तूंना देत नाही, म्हणून ही जोडी पुन्हा कधी येत नाही. जन्मस्थळ आणि जन्मवेळ घेऊन मांडलेली ती त्या फाइलची पत्रिकाच होती. पॉल लीच, बर्नार्ड स्टम्फ, जेम्स हॅमिल्टन आणि पॉल लेव्हिन या चौघांनी १९८२ च्या ऑगस्टमध्ये ओटावा इथल्या परिषदेत या पद्धतीवर निबंध मांडला. यातले लीच हे नाव लक्षात ठेवावे. या कथेत ते चार दशके येत राहते.

या कल्पनेत मला सर्वांत मोलाची वाटते ती परवानगीतून झालेली सुटका. माणसांच्या जगात ओळखक्रमांक म्हटला की तो देणारे कार्यालय आलेच. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिली आधार कार्डे दिली गेली. तो बारा आकडी क्रमांक एकमेव ठरतो, कारण एक केंद्रीय यंत्रणा सगळ्यांची नोंद ठेवते आणि नव्या माणसाची माहिती जुन्या नोंदींशी ताडून पाहते. देशातल्या माणसांसाठी ते करता येते. पण सेकंदागणिक लाखो वस्तू तयार करणाऱ्या, एकमेकांची गाठही न पडलेल्या यंत्रांना असे दार ठोठावत बसणे परवडत नाही. कुणालाही न विचारता आपला क्रमांक आपणच घडवायचा आणि तरीही तो जगात एकटा असेल याची खात्री बाळगायची, हे स्वातंत्र्य अपोलोने मागितले. पुढची चाळीस वर्षे त्याची किंमत वेगवेगळ्या नाण्यांत मोजली गेली.

(जाता जाता एक गोष्ट. अपोलोच्या नेटवर्कवर दुसऱ्या यंत्रातल्या फाइलचा पत्ता दोन तिरक्या रेघांनी सुरू होई. टिम बर्नर्स-ली यांनी वेबच्या पत्त्यांसाठी तीच रीत उचलली. वेबच्या पत्त्यांतल्या त्या दोन रेघा अपोलोच्या गावाहून, चेम्सफर्डहून आलेल्या आहेत.)

यंत्राला क्रमांक देण्याचा प्रश्न त्याच सुमारास अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीतही सोडवला जात होता. तिथे योगेन दलाल होते. मुंबईच्या आयआयटीतून १९७२ साली बी.टेक. होऊन ते स्टॅनफर्डला गेले. तिथे व्हिंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्यासोबत डिसेंबर १९७४ मध्ये त्यांनी इंटरनेटच्या टीसीपी या नियमावलीचा पहिला तपशीलवार आराखडा लिहिला. १९८१ साली दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी एका निबंधात मांडले, की क्रमांक नेटवर्कमधल्या जागेला देऊ नये, यंत्राला द्यावा. तो ४८ बिटांचा असावा आणि यंत्र कुठेही नेले तरी बदलू नये. ४८ बिटांत सुमारे २८१ लाख कोटी क्रमांक बसतात. वाटपाची युक्तीही साधी होती. कारखानदाराला एकदाच २४ बिटांचा उपसर्ग द्यायचा. त्याखालचे एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त क्रमांक त्याने आपल्या हिशेबाने कार्डांवर घालायचे. आधी हे वाटप झेरॉक्स करी, पुढे ते आयईईई या संस्थेकडे गेले. आपल्या लॅपटॉपवर मॅक ॲड्रेस म्हणून दिसतो तो हाच क्रमांक. पवईत शिकलेल्या माणसाचा हात त्यामागे आहे, हे संगणकशास्त्र शिकणाऱ्या मराठी मुलांना कुणीतरी सांगायला हवे.

१९८७ साली अपोलोने नेटवर्क कॉम्प्युटिंग सिस्टिम बाजारात आणली. एका यंत्रावरच्या प्रोग्रामने दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरचे फंक्शन बोलवावे, हा तिचा हेतू. आता सगळी यंत्रे अपोलोची असणार नव्हती, म्हणून ६४ बिट अपुरे पडू लागले आणि ओळख १२८ बिटांची झाली. यूयूआयडी हे नाव इथे रूढ झाले. त्यातली वेळ ४८ बिटांची होती: १ जानेवारी १९८० पासून, दर चार मायक्रोसेकंदांना एक टिपका. हे घड्याळ जवळपास छत्तीस वर्षे पुरणारे होते. नवी कंपनी, वेगाने बदलणारा धंदा. छत्तीस वर्षांनंतरची काळजी तेव्हा कोण करणार? पण अर्ध्या वाटेवरच ठेच लागली. २ नोव्हेंबर १९९७ रोजी त्या मोजणीने ४७ बिटांची हद्द ओलांडली आणि दुरुस्ती न केलेली अपोलोची यंत्रे निकामी झाली.

तोवर अपोलो स्वतंत्र राहिलीही नव्हती. १९८९ साली ह्यूलेट-पॅकार्डने ती ४७ कोटी ६० लाख डॉलरला विकत घेतली. मात्र कल्पना पुढे गेली. आयबीएम, डिजिटल, ह्यूलेट-पॅकार्ड, अपोलो आणि इतरांनी मिळून १९८८ साली ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले होते. त्यांच्या डीसीई या सामाईक यंत्रणेत अपोलोची यूयूआयडी नव्याने घडवली गेली. लांबी १२८ बिटच राहिली. यंत्राच्या जागी झेरॉक्सचा तो ४८ बिटांचा क्रमांक बसला. वेळेला ६० बिट मिळाले आणि एक टिपका सेकंदाच्या एक कोटीव्या भागाइतका बारीक झाला. ही मोजणी इसवी सन ५२३६ पर्यंत पुरते.

मोजणीचा आरंभ त्यांनी १५ ऑक्टोबर १५८२ ला धरला. पोप तेरावा ग्रेगरी यांचे नवे कॅलेंडर लागू झाले तो हा दिवस. त्या वर्षी ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबरचा शुक्रवार उजाडला आणि मधले दहा दिवस गाळले गेले. त्या दिवसापासून पुढे तारखांचा हिशेब एकाच नियमाने चालतो, म्हणून तो शून्य म्हणून सोयीचा. दोन कॅलेंडरांचा हा घोळ मराठी इतिहासाच्या वाचकांना चांगला ठाऊक आहे. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या, ज्युलियन गणनेतली आहे. इंग्रज तेव्हा तीच गणना पाळत आणि १७५२ पर्यंत त्यांनी ती सोडली नाही. नव्या गणनेने तो दिवस १६ जून येतो. डीसीईच्या घड्याळात राज्याभिषेकाचा क्षण लिहायचा झाला, तर १६ जून धरूनच आकडा काढावा लागेल.

पत्रिकेत जुळ्यांची अडचण येते, तशी इथेही आली. संगणकाचे घड्याळ मागे सरकले तर? कुणी वेळ दुरुस्त केली, बॅटरी संपली, तर गेलेला क्षण पुन्हा येऊ शकतो. त्यासाठी १४ बिटांचा आणखी एक आकडा ठेवला होता. घड्याळ मागे गेल्याची शंका आली की तो बदलायचा. लहानशीच तरतूद, पण त्या काळच्या अभियंत्यांची शिस्त तिच्यात दिसते: दोन वस्तूंना एकच ओळख मिळू शकेल अशी प्रत्येक फट शोधायची आणि बुजवायची.

मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी घडवताना डीसीईशी मिळतीजुळती यंत्रणा उभारली. पॉल लीचही तिथे गेले. ओळखीचे नाव तिथे जीयूआयडी झाले, आकडा तोच राहिला. १९९३ साली आलेल्या कॉम या पद्धतीने तिला सार्वत्रिक केले. पुण्यातल्या एखाद्या प्रोग्रामरने लिहिलेला सॉफ्टवेअरचा तुकडा आणि सिएटलमधल्या कुणी लिहिलेला तुकडा एकाच यंत्रात एकत्र चालायचे, तर त्यांची नावे भिडता कामा नयेत. म्हणून प्रत्येक तुकड्याला, त्याच्या प्रत्येक इंटरफेसला एक जीयूआयडी द्यायचा, आणि एकदा जाहीर केलेला इंटरफेस कधीही बदलायचा नाही. बदल हवा असेल तर नवा जीयूआयडी घ्यायचा. या साऱ्याचे मूळ असलेल्या आयअननोन या इंटरफेसचा क्रमांक ००००००००-००००-००००-सी०००-००००००००००४६ असा आहे. नव्वदच्या दशकात विंडोजवर काम केलेल्या कितीतरी जणांना तो आजही तोंडपाठ असेल. विंडोजची रजिस्ट्री उघडली की महिरपी कंसातल्या अशा क्रमांकांची रांगच्या रांग दिसे.

हाताळणीतला एक गुंता याच काळातला. डीसीईच्या लिखाणात सारे बाइट मोठ्याकडून लहानाकडे मांडले जात. मायक्रोसॉफ्टने पहिले तीन भाग इंटेलच्या यंत्रांच्या उलट्या क्रमाने साठवले. मजकुराच्या रूपात दोन्ही सारखे दिसतात, बाइटांच्या रूपात मात्र वेगळे. विंडोजवरून आलेला डेटा दुसऱ्या डेटाबेसात भरताना नोंदी सापडेनाशा झाल्या, की अनुभवी माणूस पहिल्यांदा हेच तपासतो.

मग १९९९ उजाडले. जानेवारीत इंटेलने पेंटियम तीनच्या प्रत्येक चिपमध्ये वाचता येणारा क्रमांक घालणार असल्याचे जाहीर केले आणि खाजगीपणासाठी झगडणाऱ्या संघटनांनी बहिष्काराची हाक दिली. त्याच वातावरणात, मार्चच्या सुरुवातीला, केंब्रिजमधल्या फार लॅप सॉफ्टवेअरचे रिचर्ड स्मिथ यांना दोन गोष्टी आढळल्या. वर्ड आणि एक्सेलच्या ऑफिस ९७ आवृत्तीत तयार केलेल्या दस्तऐवजाच्या पोटात एक जीयूआयडी लपलेला असतो आणि त्याच्या शेवटच्या बारा अंकांत लिहिणाऱ्याच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक जसाच्या तसा असतो. शिवाय विंडोज ९८ ची नोंदणी करताना असाच क्रमांक मायक्रोसॉफ्टकडे जातो, माणसाने यंत्राची माहिती पाठवू नका म्हटले तरी जातो. न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली. मायक्रोसॉफ्टने नोंदणीतला तो भाग काढण्याचे आणि दस्तऐवजातला क्रमांक पुसणारे साधन देण्याचे कबूल केले.

यात कुणाचा कट होता असे मला वाटत नाही. १९८२ साली यंत्राचा क्रमांक ओळखीत घातला तो एकाच कार्यालयातल्या फाइली एकमेकींशी भिडू नयेत म्हणून. तिथे कुठले यंत्र कुणाचे हे सगळ्यांनाच ठाऊक असे. तीच पत्रिका घेऊन फाइल घराबाहेर पडली, ईमेलने जगभर फिरू लागली, आणि ती कुठे व केव्हा जन्मली हे कुणालाही वाचता येऊ लागले. एखाद्या पत्रकाराला निनावी कागद पाठवणाऱ्या कारकुनाच्या दृष्टीने ही किती गंभीर गोष्ट होती, हे सांगायला नको.

तीन आठवड्यांत त्याची चाचणीच झाली. २६ मार्च १९९९ ला मेलिसा नावाचा विषाणू पसरला. वर्डच्या दस्तऐवजातून तो यायचा आणि आउटलुकच्या वहीतल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा. कंपन्यांना आपल्या ईमेल यंत्रणा बंद ठेवाव्या लागल्या. रिचर्ड स्मिथ यांनी मूळ दस्तऐवजातला जीयूआयडी काढला आणि इंटरनेटवर आधी आलेल्या विषाणूंच्या दस्तऐवजांशी तो जुळवून पाहिला. १ एप्रिलला न्यू जर्सीत डेव्हिड स्मिथ पकडला गेला. वर्तमानपत्रांनी त्याचे श्रेय त्या लपलेल्या क्रमांकाला भरभरून दिले, पण पोलीस त्याच्यापर्यंत पोहोचले ते मुख्यतः अमेरिका ऑनलाइन या सेवेच्या नोंदींवरून. जीयूआयडीचा पुरावा कच्चाच होता, कारण दुसऱ्याचा दस्तऐवज उचलून त्यात बदल केला, तर क्रमांक मूळ लेखकाचाच राहतो. डेव्हिड स्मिथने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गुन्हा कबूल केला. २००२ साली त्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली.

विंडोज २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने जीयूआयडी घडवण्याची रीत बदलली. यंत्राचा क्रमांक आणि वेळ दोन्ही गेले. त्यांच्या जागी यादृच्छिक, म्हणजे काहीच अर्थ नसलेले बिट आले. कुणाला जुनी रीत हवीच असेल तर त्यासाठी वेगळे फंक्शन ठेवले. जुलै २००५ मध्ये लीच, मायकेल मीलिंग आणि रिच साल्झ यांनी लिहिलेले आरएफसी ४१२२ हे मानक प्रसिद्ध झाले, तेव्हा एकूण पाच आवृत्त्या नोंदल्या गेल्या. पहिली जुनी, काळ आणि यंत्राची. दुसरी डीसीईच्या सुरक्षेसाठी, क्वचितच वापरात असलेली. तिसरी आणि पाचवी नावावरून काढलेल्या, म्हणजे तेच नाव दिले की तोच क्रमांक मिळतो. आणि चौथी, पूर्ण यादृच्छिक. बत्तीस अंकांतला तेरावा अंक ४ दिसला, की ती चौथी आवृत्ती.

चौथ्या आवृत्तीने हमी सोडून दिली. पहिल्या आवृत्तीत नियम नीट पाळले तर दोन क्रमांक सारखे येऊच शकत नव्हते. आता येऊ शकतात. फक्त येण्याची शक्यता नगण्य आहे. १२२ बिट मोकळे असतात, म्हणजे ५.३ गुणिले दहाचा छत्तिसावा घात इतके क्रमांक. पण टक्कर त्यापेक्षा पुष्कळ लवकर होते. वर्गात अवघी २३ मुले असली, तरी त्यांतल्या दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, गणित तेच. त्या हिशेबाने, दर सेकंदाला शंभर कोटी क्रमांक असे सुमारे ८६ वर्षे घडवत राहिले, तर एखादी जोडी सारखी निघण्याची शक्यता निम्म्यावर येते. इतकी खात्री कोणत्याही बँकेला पुरेशी आहे.

अर्थात बिट खरोखर यादृच्छिक असतील तर. हमीचा भार आता घड्याळावरून आणि कार्डावरून उठून यादृच्छिक आकडे पुरवणाऱ्या प्रोग्रामवर आला होता, आणि तो दुवा किती नाजूक असू शकतो हे मे २००८ मध्ये दिसले. डेबियन लिनक्समध्ये २००६ साली ओपनएसएसएल या सांकेतिक किल्ल्या घडवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या दोन ओळी गाळल्या गेल्या होत्या. त्यामुळे कुलूपकिल्ल्यांसाठी लागणारी यादृच्छिकता जवळजवळ फक्त प्रोसेसच्या क्रमांकावर येऊन ठेपली. लुसियानो बेल्लो यांनी ते शोधून काढेपर्यंत, त्या यंत्रांवर एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या फक्त ३२,७६८ वेगवेगळ्या किल्ल्या बनू शकत होत्या. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या सर्व्हरवर एकच किल्ली निघत होती.

प्रोग्रामिंगच्या भाषांनी या काळात जे ठरवले, त्याचा परिणाम कोणत्याही मानकापेक्षा मोठा झाला असे माझे मत आहे. २००४ च्या जावा ५ मध्ये यूयूआयडीचा वर्ग आला. त्यात चौथी आवृत्ती घडवणारे रँडमयूयूआयडी होते, नावावरून तिसरी काढण्याची सोय होती, पहिली आवृत्ती घडवण्याची सोय नव्हतीच. जावाच्या पिढीने चौथी आवृत्ती म्हणजेच यूयूआयडी असे धरले. रँडमयूयूआयडी सुरक्षिततेच्या दर्जाची यादृच्छिकता वापरते, ही जावा घडवणाऱ्यांची मोठी कृपा. पायथॉनमध्ये २००६ च्या २.५ आवृत्तीत का-पिंग यी यांनी लिहिलेले मॉड्यूल आले. त्यात सगळे प्रकार होते, आणि पहिल्या प्रकाराने यंत्राचा नेटवर्क पत्ता उघड होतो, ही सूचना त्याच्या दस्तऐवजात आहे. लिनक्सवर थिओडोर त्सो यांच्या लिबयूयूआयडीने हे काम केले. डिस्कच्या प्रत्येक विभागाला अशी ओळख मिळू लागली आणि डिस्कची केबल दुसऱ्या जागी लावली तरी यंत्र तिला ओळखू लागले.

जावास्क्रिप्टची वाट मात्र खडतर होती. ब्राउझरमध्ये यूयूआयडी घडवणारे फंक्शन बरीच वर्षे नव्हतेच. लोकांनी मग एक्स आणि वाय ही अक्षरे भरलेला साचा घेऊन त्यात मॅथ.रँडमने अंक भरणारी दोन ओळींची कृती हातोहात फिरवली. पण मॅथ.रँडम हे खेळातले फासे टाकण्यासाठी होते. क्रोमच्या व्हीएट इंजिनात २०१५ पर्यंत त्यामागे असलेली पद्धत इतकी कमकुवत होती, की सुरुवातीची स्थिती वाईट पडली तर चार कोटींहूनही कमी आकड्यांनंतर तीच माळ पुन्हा सुरू होई. १२२ बिटांचा हिशेब अशा आकड्यांवर उभा राहूच शकत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये व्हीएटने ती पद्धत बदलली. ब्राउझरमध्ये थेट क्रिप्टो.रँडमयूयूआयडी येईपर्यंत २०२१ उजाडले.

दरम्यान डेटाबेस सांभाळणाऱ्यांची वेगळीच तक्रार होती. डेटाबेसचा इंडेक्स क्रमाने लावलेला असतो. क्रमांक वाढत्या क्रमाने आले की नवी नोंद शेवटच्या पानावर बसते, आणि ते पान बहुधा मेमरीत तयारच असते. चौथ्या आवृत्तीचे क्रमांक मात्र कुठेही पडतात. प्रत्येक नोंदीसाठी वेगळे पान उघडावे लागते, भरलेली पाने दुभंगतात, तक्ता मोठा झाला की मेमरी पुरत नाही आणि डिस्कवर फेऱ्या सुरू होतात. २००२ साली जिमी निल्सन यांनी यावर तोडगा लिहिला. यादृच्छिक क्रमांकाच्या शेवटच्या सहा बाइटांत वेळ घालायची. शेवटच्याच, कारण एसक्यूएल सर्व्हर क्रम लावताना तेच बाइट आधी पाहतो. गोपनीयतेसाठी हाकललेली वेळ मागच्या दाराने परत आली.

त्यानंतर ज्याने त्याने आपला तोडगा काढला. ट्विटरने २०१० साली स्नोफ्लेक जाहीर केले. त्यात ४१ बिट वेळ, १० बिट यंत्र आणि १२ बिट त्या मिलिसेकंदातली मोजणी. एकूण ६४ बिटांत बसणारा क्रमांक. हे जवळजवळ १९८२ च्या अपोलोकडे परत जाणेच होते. त्यातून नवी ठेच लागली. जावास्क्रिप्टमधले आकडे ५३ बिटांपलीकडे अचूक राहत नाहीत, त्यामुळे ट्वीटच्या क्रमांकाचे शेवटचे अंक आपोआप बदलू लागले. म्हणून ट्विटरला तोच क्रमांक मजकुराच्या रूपातही पाठवावा लागला. आजही कुठल्या एपीआयमध्ये क्रमांक अवतरणचिन्हांत दिसला, तर त्यामागे हे कारण असू शकते. मग यूएलआयडी आले, केएसयूआयडी आले, मोंगोडीबीचे ऑब्जेक्टआयडी आधीपासून होतेच. रूप वेगळे, पण गाभा बहुतेकांचा एकच: पुढे वेळ, मागे यादृच्छिक बिट.

मे २०२४ मध्ये आरएफसी ९५६२ प्रसिद्ध झाले. कायझर डेव्हिस आणि ब्रॅड पीबॉडी यांच्यासोबत तिसरे नाव पॉल लीच यांचेच होते, अपोलोच्या त्या निबंधानंतर बेचाळीस वर्षांनी. ते लिहिण्याआधी अशा सोळा घरगुती पद्धतींचा अभ्यास केला गेला होता. त्यातून तीन नव्या आवृत्त्या आल्या. सहावी म्हणजे पहिलीचेच बिट क्रम लागेल असे मांडलेले. आठवी ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेली. खरी महत्त्वाची सातवी: सुरुवातीच्या ४८ बिटांत १९७० पासूनचे मिलिसेकंद, उरलेल्यांत आवृत्तीच्या खुणा वगळता ७४ बिट मोकळे. यंत्राचा क्रमांक त्यात नाही. २०२५ च्या शरदात पोस्टग्रेएसक्यूएल १८ आणि पायथॉन ३.१४ या दोन्हींत सातवी आवृत्ती थेट उपलब्ध झाली.

मला सातवी आवृत्ती पटते. जन्मस्थळ पत्रिकेतून कायमचे गेले हे चांगले झाले, आणि वेळ परत आणल्याने डेटाबेसचे ओझे खरोखर हलके होते. नवा तक्ता आखत असाल तर तिची निवड करा, ती साठवताना छत्तीस अक्षरांचा मजकूर न करता सोळा बाइटांचा खास प्रकार वापरा, आणि ती घडवण्याचे काम भाषेच्या किंवा डेटाबेसच्या स्वतःच्या फंक्शनवर सोपवा. साचा भरणारी दोन ओळींची कृती कुठूनही उचलू नका. यूयूआयडी ही ओळख आहे, पासवर्ड नाही; दुव्यात ती आहे एवढ्यावर कुणाला आत सोडू नका. आणि रुग्णाची नोंद, तक्रारीचा अर्ज, निनावी सूचना अशा गोष्टींचा क्रमांक बाहेरच्यांना दिसणार असेल, तर सातव्या आवृत्तीचे पहिले बारा अंक एकदा सुटे काढून तारखेत बदलून पाहा. ती तारीख आणि वेळ ज्याला कळू नये त्यालाही कळणार असेल, तर तिथे चौथी आवृत्तीच वापरा.